जुन्या लाकडी पॅनेलिंगची खोली कमी खर्चात स्वतः उजळवताना

भिंतभर गडद तपकिरी पॅनेलिंग असलेली खोली भर दुपारीही दिवा मागते. अशी खोली वाट्याला आली की पहिला विचार येतो तो सगळं उखडून टाकायचा. तो विचार थोडा बाजूला ठेवा. पॅनेलिंग काढलं की मागची भिंत उघडी पडते, आणि ती कोणत्या अवस्थेत असेल हे काढेपर्यंत कळत नाही. कधी गोंदासोबत प्लास्टरचे पोपडे निघून येतात, कधी मागे भिंतच नसते, नुसती लाकडी चौकट असते. तिथून पुढे खर्चाला धरबंध राहत नाही. हाताशी बेताचेच पैसे असतील आणि अशा कामाची सवय नसेल, तर पॅनेलिंग जागेवर ठेवून त्याचं रूप बदलणं हाच मार्ग मला पटतो. मेहनत त्यातही आहे, पण ती धुण्याची, घासण्याची आणि वाळेपर्यंत थांबण्याची आहे. ही तीन कामं नीट झाली की रंग लावणं फारसं अवघड राहत नाही.

भिंतीवर नेमकं काय आहे?

लांबून सारखी दिसणारी पॅनेलं तीन प्रकारची असतात, आणि पुढचं जवळजवळ प्रत्येक पाऊल त्या प्रकारावर ठरतं.

पहिला प्रकार भरीव लाकडाच्या फळ्यांचा. एका फळीची कड दुसरीच्या खाचेत अडकवलेली असते. दुसरा प्रकार व्हिनिअरचा: प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तिसऱ्या प्रकारात लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो आणि त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद किंवा प्लास्टिकचा थर.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. मेन स्विच बंद करा, टेस्टरने वीज खरंच गेली आहे याची खात्री करा आणि स्विचबोर्डाची प्लेट उघडा. आत पॅनेलची कड दिसते. लाकडाच्या रेषा वरून कडेपर्यंत सलग गेल्या असतील तर भरीव लाकूड. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. एकसारखा तपकिरी, घट्ट दाबलेला भुसा दिसला तर छापील बोर्ड. छापील बोर्डाची आणखी एक खूण म्हणजे ठरावीक अंतराने तीच गाठ आणि तीच रेष पुन्हा दिसते. खऱ्या लाकडात दोन गाठी सहसा सारख्या नसतात.

प्लेट उघडलीच आहे तर मागेही डोकावून घ्या. राखाडी, ठिसूळ, तंतू सुटलेला पत्रा किंवा थर दिसला तर त्याला छिद्र पाडू नका, घासू नका. जुन्या बांधकामांत असे थर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, आणि त्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक असतात. त्याची तपासणी आणि काढणं जाणकारांचं काम आहे.

आधी दुखणं शोधा

ओल आणि कीड या दोन गोष्टींवर रंग चढवला तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात.

स्कर्टिंगजवळ (भिंतीच्या तळाशी मारलेली पट्टी), खिडकीखाली आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. पॅनेल फुगलेलं, काळवंडलेलं, थंडगार लागतंय का? कुबट वास येतोय का? लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळालं तर उत्तम. घरातल्या कोरड्या लाकडात साधारण ६ ते १२ टक्के ओल असते. २० टक्क्यांच्या वर आकडा जायला लागला की लाकूड कुजायचा धोका असतो. मग गळका पाइप, खिडकीची फट, बाहेरच्या भिंतीचा तडा यांपैकी कारण शोधून ते आधी दुरुस्त करा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. याला पर्याय नाही.

किडीसाठी बोटाच्या पेराने पॅनेल ठोकत जा. पोकळ आवाज आणि कडेला मातीच्या बारीक नळ्या असतील तर वाळवी. एक ते तीन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड असेल तर भुंगेरा. पूड झाडून घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा पाहा. नवी पूड पडलेली असेल तर कीड अजून जिवंत आहे. औषधफवारणी आधी, बाकी सगळं नंतर. पॅनेल काढणं खरंच भाग असेल तर ते अशाच जागी, आणि तेही खराब झालेला तुकडा तेवढाच.

पॅनेलवर आधी कुणी रंग दिला असेल आणि घर जुनं असेल तर जुन्या रंगातल्या शिशाचाही, म्हणजे विषारी धातूचा, विचार करायला हवा. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. बऱ्याच देशांत ती त्याहून उशिरा आली. तपासणीचा संच वापरा किंवा रंगाचा टवका प्रयोगशाळेत द्या. शिसे निघालं तर तो रंग कोरडा घासायचा नाही, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवायचं, आणि जाणकाराला बोलवायचं.

रंगाचा डबा उघडण्याआधी

भरीव, चांगलं लाकूड असेल तर एकदा मनापासून थांबा. लाकडावर चढलेला रंग पुढे कधी काढावासा वाटला तरी खाचांतून आणि रेषांतून पूर्ण निघत नाही. आधी स्वस्तातले बदल करून पाहा: खिडक्यांच्या काचा धुवा, जाड पडदे काढा, छत पांढरं करा, दिवे बदला. पांढऱ्या रंगाची भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत देते. गडद तपकिरी लाकूड जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून छताचा पांढरा रंग अशा खोलीत फार मोलाचा. दिव्यांचंही तसंच. २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं) पिवळसर उजेड तपकिरी लाकडाला आणखी तांबूस करतो, ४००० केल्विनचा दिवा तेच लाकूड मोकळं दाखवतो. एका दिव्याऐवजी भिंतीकडे तोंड केलेले दोन-तीन दिवे लावले तर फरक लगेच कळतो. एवढ्यावरच खोली आवडू लागली तर लाकूड स्वच्छ करून नव्याने पॉलिश करणं पुरेसं आहे.

त्यासाठी जुनं पॉलिश कोणतं ते बघा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाला थोडं स्पिरिट लावून टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकरच्या थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन). लाखेवर लाखेचा आणि लॅकरवर लॅकरचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे हलकं घासून नवा हात देता येतो. व्हार्निशचं तसं नाही. ते घासून खडबडीत केल्याशिवाय नवा थर धरत नाही.

तेलाचं पॉलिश वापरणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. जवसाच्या तेलाचे चिंधे चुरगाळून ढिगात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, उष्णता निर्माण होते आणि ढिगातून ती बाहेर पडू शकत नाही. चिंधे घराबाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

अर्धी भिंत रंगवणं हाही चांगला मध्यममार्ग आहे. खालचं साधारण ९० सेंटिमीटर लाकूड तसंच ठेवायचं, वरचा भाग उजळ करायचा आणि मध्ये एक आडवी पट्टी मारायची. पसारा आणि खर्च दोन्ही कमी होतात. भाड्याची खोली असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

किती सामान लागेल

हिशेब सोपा आहे. समजा खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. चारी भिंतींची लांबी १४ मीटर. तिला उंचीने गुणलं की ३७.८ चौरस मीटर. त्यातून दार आणि खिडकी मिळून साधारण ३.७ वजा केले तर ३४ चौरस मीटर उरतात. एक लिटर रंग एका हाताला ढोबळमानाने १० चौरस मीटर पुरतो. म्हणजे प्रायमरला (रंगाआधी द्यायचा पकडीचा थर) साडेतीन लिटर आणि रंगाच्या दोन हातांना सात लिटरच्या आसपास. खाचा खोल असतील तर दहा-पंधरा टक्के जास्त धरा. डब्यावर छापलेला आकडा पाहून हिशेब पक्का करा.

पैसे कुठे वाचवायचे यावर माझं मत ठाम आहे: प्रायमर, ब्रश आणि मास्क यांवर वाचवू नका. शिडी आणि घासायचं मशीन मागून आणा, जमिनीवर जुन्या चादरी अंथरा, हँडल आणि बिजागऱ्या नव्या न घेता घासूनपुसून वापरा.

धुणं

वर्षानुवर्षांचा हातांचा तेलकटपणा, धूर आणि फर्निचरला लावायचं चकाकीचं मेण यांच्यावर कोणताही प्रायमर टिकत नाही. सिलिकॉन असलेलं पॉलिश राहिलं असेल तर रंग जागोजागी गोल खड्डे पाडत मागे सरकतो.

रंग द्यायचाच असेल तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घाला, हातमोजे घाला आणि खालून वर पुसत जा. वरून खाली पुसलं तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि ते काढणं जड जातं. कापड पिळून घ्या. व्हिनिअर आणि भुशाच्या बोर्डाला पाण्याने भिजवू नका. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण सोड्याचा अंशही रंगाला सोडवतो. लाकूड तसंच ठेवणार असाल तर सोडा नको, तो काही लाकडांना काळपट करतो. सौम्य साबण बास. स्वच्छतेची दोन रसायनं एकत्र करू नका, विशेषतः ब्लीच आणि अमोनिया.

पूर्ण एक दिवस वाळू द्या.

घासणं

इथे उद्देश जुनं पॉलिश काढायचा नाही, त्याची चकाकी मारायचा आहे. प्रायमरला पकड हवी, आणि ती बारीक ओरखड्यांत मिळते. भरीव लाकडाला १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर, व्हिनिअरला १८०, आणि छापील बोर्डाला २२० नंबरचा अगदी हलक्या हाताने. व्हिनिअर जास्त घासलं तर खालचा प्लाय उघडा पडतो. छापील कागद फाटला तर भुसा वर येऊन फुगतो. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. खाचांसाठी पेपर घडी करून बोटाने चालवा किंवा घासायचा स्पंज वापरा. लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकतात आणि पाण्याचा प्रायमर लागला की गंजून डाग पडतात.

प्रकाश भिंतीवर तिरका पडेल असा दिवा धरून पाहा. चमकणारे पट्टे दिसले तर तिथे हात पोचलेला नाही.

आणि मास्क. साधा कापडी नव्हे, एन९५ किंवा त्याच्या तोडीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. खिडक्या उघड्या, दाराच्या फटीला ओला कपडा. घासून झाल्यावर धूळ व्हॅक्यूमने ओढा, मग किंचित ओलसर कापडाने पुसा.

खिळे, फटी आणि खाचा

सुटलेली पॅनेलं मागच्या चौकटीवर नवे खिळे किंवा स्क्रू मारून घट्ट करा. वीज कुठून गेली आहे हे स्विच आणि सॉकेटच्या जागांवरून ताडा. त्यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत खिळा मारू नका. वर आलेली खिळ्यांची डोकी पंचाने आत ठोका, त्यांना प्रायमरचा ठिपका द्या आणि मग लांबी (पुट्टी) भरा. ठिपका दिला नाही तर पाण्याच्या रंगातून गंजाची तपकिरी खूण वर येते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे खाचा भरून भिंत सपाट करावी का. माझं उत्तर: नको. लाकूड हवेतल्या दमटपणानुसार आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. भरीव फळ्यांच्या सांध्यात भरलेली लांबी एका मोसमात तडकते, आणि मग भिंतभर वेड्यावाकड्या भेगा दिसतात. प्लाय किंवा बोर्डाच्या पॅनेलमधल्या खोट्या खाचा भरल्या तर टिकतात, पण दोन पॅनेलं जिथे भेटतात ते सांधे तरीही उघडतात. शिवाय हे काम कंटाळवाणं आहे: भरा, वाळवा, घासा, पुन्हा भरा. खाचांसकट एकाच उजळ रंगात रंगवलेली भिंत नीटस दिसते, खाचांच्या उभ्या सावल्यांनी ती उंचही भासते. सपाट भिंतच हवी असेल तर खाचा भरून, प्रायमर देऊन त्यावर जाड अस्तराचा वॉलपेपर लावणं हा जास्त खात्रीचा उपाय आहे.

कोपरे, छताची कड आणि स्कर्टिंगच्या वरची फट मात्र भरायलाच हवी. त्यासाठी रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

प्रायमर, म्हणजे अर्धं यश

लाकडात टॅनिन नावाचा तपकिरी रंगाचा नैसर्गिक घटक असतो. ओक, सीडर, महोगनी यांत तो भरपूर; पाइनच्या गाठींतून राळही पाझरते. पाण्याचा रंग थेट लावला की हे पाण्यात विरघळून वर येतं आणि पांढऱ्या भिंतीवर पिवळे डाग उमटतात. वर रंगाचे कितीही हात दिले तरी डाग परत येतात, कारण प्रत्येक हातासोबत पुन्हा पाणी मिळतं. ते अडवायचं ते प्रायमरनेच.

लाखेवर आधारित शेलॅक प्रायमर डाग, गाठी आणि जुना धुराचा वास सगळ्यांत चांगला अडवतो. तो तासाभरात वाळतो, पण वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते. गॅसची शेगडी, मेणबत्ती, सिगारेट काहीही जवळ नको. तेलाचा प्रायमर डाग अडवण्यात त्याच्या खालोखाल, वाळायला हळू. पाण्याचा पकड देणारा प्रायमर छापील आणि गुळगुळीत बोर्डावर छान बसतो, वासही कमी, पण टॅनिनपुढे कमी पडतो. छापील बोर्ड असेल तर पाण्याचा पकडवाला प्रायमर घ्या. खरं लाकूड किंवा व्हिनिअर असेल तर शेलॅक किंवा तेलाचा. सगळीकडे शेलॅक लावण्याचं बजेट नसेल तर किमान प्रत्येक गाठीवर शेलॅकचा ठिपका द्या आणि वर तेलाच्या प्रायमरचा एक हात.

पूर्ण भिंतीला हात लावण्याआधी कपाटामागे दोन वीत जागेवर चाचणी घ्या. प्रायमर लावा, डब्यावर सांगितलं तेवढं वाळवा, ब्लेडने फुली मारा, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढा. पट्टीला प्रायमर चिकटून आला तर धुणं किंवा घासणं अपुरं झालं आहे; तेच पुन्हा करा. ही चाचणी टाळू नका.

पहिला हात दिल्यावर रात्रभर थांबा. सकाळी पिवळे ठिपके दिसले तर तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर. ठिपके यायचे थांबले की मगच रंग.

रंग

आधी छत, मग भिंती, शेवटी दाराखिडक्यांच्या पट्ट्या आणि स्कर्टिंग.

पांढऱ्या किंवा फिकट रंगासाठी पाण्यातलं ॲक्रिलिक इनॅमल घ्या. तेलाचा पांढरा रंग काळाने पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या खोलीत लवकर पडतो. चमक साटनच्या, म्हणजे मंद चकाकीच्या, आसपासची ठेवा. जास्त चमकीत प्रत्येक खड्डा आणि ओरखडा दिसतो, अगदी मॅटवर हातांचे डाग बसतात. छटा दुकानातल्या चिठोऱ्यावरून ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात लावा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहा. कमी उजेडाच्या खोलीत शुभ्र पांढरा अनेकदा मरगळलेला राखाडी दिसतो. किंचित पिवळसर किंवा उबदार छटा तिथे जास्त खुलते.

एकाहून जास्त डबे असतील तर सगळा रंग एका बादलीत मिसळून घ्या, म्हणजे छटेत फरक पडत नाही. एका वेळी दोन-तीन फळ्यांपुरतंच काम धरा: आधी ब्रशने खाचा, त्या ओल्या असतानाच १० मिलिमीटर केसांच्या रोलरने सपाट भाग, शेवटी वरून खाली एक हलका सलग हात. खाचांत रंग साचून ओघळतो, म्हणून दहा मिनिटांनी मागे वळून बघा आणि ओघळ ब्रशने पुसून घ्या. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरच्या पेपरने हलकं घासून धूळ पुसा. हा छोटा टप्पा भिंतीला हात लावल्यावर जाणवतो. रात्री रोलर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला तर सकाळी तसाच वापरता येतो. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरकी ओढून काढा.

नंतरचे काही आठवडे

रंग काही तासांत वाळतो, पण पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर फर्निचर भिंतीला टेकवू नका, चिकटपट्टीने काही लावू नका आणि भिंत ओल्या फडक्याने पुसू नका. उरलेला रंग छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि झाकणावर छटेचा नंबर व तारीख लिहा. भरीव फळ्यांच्या भिंतीला तो लागेलच: हवा कोरडी झाली की फळ्या आकसतात आणि सांध्यांत न रंगलेल्या लाकडाच्या बारीक तपकिरी रेघा डोकावतात. घाबरू नका, त्याच दिवसांत, फटी सर्वांत रुंद असताना, बरणीतला रंग बारीक ब्रशने त्या रेघांवर भरा.